तासाला दहा सेंट

२००६ च्या ऑगस्टअखेरीस अमेझॉनने एक वेगळीच वस्तू विक्रीला काढली. पुस्तकं, सीडी आणि खेळणी विकणारी ही कंपनी संगणकाचे तास विकू लागली. दर होता तासाला दहा सेंट, तेव्हाच्या हिशेबाने साडेचार रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशात १.७ गिगाहर्ट्झच्या झिऑन प्रोसेसरच्या तोडीची ताकद, १.७५ जीबी मेमरी आणि १६० जीबी डिस्क मिळायची. ते यंत्र कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर आहे हे घेणाऱ्याला कळत नसे. क्रेडिट कार्डाचा नंबर द्यायचा, एक आज्ञा टाइप करायची, आणि काही मिनिटांत यंत्र हजर. काम संपलं की दुसरी आज्ञा दिली की मीटर बंद. अनामत रक्कम नव्हती, किमान मुदतीचा करार नव्हता. सेवा अजून चाचणीच्या अवस्थेत होती आणि सुरुवातीला मोजक्याच ग्राहकांना आत घेतलं गेलं.

याचं मोल कळायचं तर त्याआधी कंपन्या सर्व्हर कसा घेत ते आठवायला हवं. आधी कोटेशनं मागवायची, मग खरेदी खात्याची मंजुरी, मग पुरवठादाराने सांगितलेल्या आठवड्यांची वाट. यंत्र येईपर्यंत त्याच्यासाठी खोली, एसी, यूपीएस आणि वार्षिक देखभालीचा करार तयार ठेवायचा. ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून चढायचं आणि दरवर्षी घसारा लावून उतरायचं. यात सगळ्यांत अवघड गोष्ट ही की, पुढच्या चार-पाच वर्षांत धंदा किती वाढेल याचा अंदाज आजच बांधून तेवढं यंत्र आजच घ्यावं लागे. अंदाज कमी पडला तर ऐन गर्दीत ग्राहक परत जायचे, जास्त झाला तर पैसा लोखंडात अडकून बसायचा. अमेझॉनने ही अंदाजाची सक्तीच काढून टाकली. दूरच्या यंत्राची ताकद अशी भाड्याने घेण्याला आज क्लाउड म्हणतात, आणि क्लाउडच्या इतिहासातली खरी क्रांती मला इथे दिसते. यंत्र जुनंच होतं, ते विकत घेण्याचं माप बदललं.

कल्पना मात्र तोवर पंचेचाळीस वर्षांची झाली होती.

१९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, आपली शताब्दी साजरी करत होती. त्यानिमित्तच्या व्याख्यानमालेत संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी सांगितलं की, टेलिफोन जसा सार्वजनिक सेवा म्हणून घरोघरी मिळतो, तशीच गणनशक्तीही एक दिवस मिळू शकेल. वर्गणीदार जेवढी वापरेल तेवढ्याचेच पैसे देईल. तेव्हा संगणक खोली भरून टाकणारा आणि लाखो डॉलर किमतीचा होता. त्याला मिनिटभर रिकामं ठेवणं परवडत नसे. म्हणून माणसांनी रांगेत उभं राहायचं, पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यायचं, अशी रीत होती. यंत्राचा वेळ वाचवण्यासाठी माणसाचा वेळ खर्ची पडत होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमआयटीतच फर्नांडो कॉर्बातो यांनी आयबीएम ७०९ या यंत्रावर या रांगेवरचा तोडगा चालवून दाखवला. माणूस एक अक्षर टाइप करून पुढच्या अक्षराचा विचार करेपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या कामाकडे वळून परत येत असे. प्रत्येकाला वाटायचं, यंत्र माझ्या एकट्याचं आहे. अनेकांच्या फाइली एकाच यंत्रात राहू लागल्या तशी त्यांना कुलूप लावायची गरज पडली आणि पासवर्ड आला. १९६२ मध्ये तिथल्याच ऍलन शेर या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली, कारण त्याला वाट्याला आलेले संगणकाचे तास पुरत नव्हते. भाड्याच्या संगणकाच्या जन्माबरोबरच तासांची चोरीही जन्माला आली, आणि पुढे या धंद्याला सुरक्षेच्या प्रश्नाने कधी सोडलं नाही.

एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून १९६०च्या दशकाच्या मध्यात मल्टिक्स नावाची फार मोठी प्रणाली हाती घेतली. शहराला वीज पुरवणाऱ्या केंद्रासारखी ती अखंड चालावी, असा बेत होता. काम लांबत गेलं, १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं, आणि तिथल्या केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी त्या अनुभवातून युनिक्स ही आटोपशीर प्रणाली उभी केली. आजच्या क्लाउडमधली बहुसंख्य यंत्रं युनिक्सच्याच घराण्यातल्या लिनक्सवर चालतात.

दरम्यान धंदा सुरूही झाला होता. जनरल इलेक्ट्रिक आणि टाइमशेअर यांसारख्या कंपन्या टेलिफोनच्या तारेवरून संगणकाचे तास विकत. गिऱ्हाइकाच्या कचेरीत फक्त टेलिटाइप, म्हणजे तारेला जोडलेलं टंकयंत्र, असे. १९६८ मध्ये सिएटलच्या लेकसाइड शाळेतल्या मातांच्या मंडळाने जुन्या वस्तूंच्या विक्रीतून जमवलेल्या पैशांतून मुलांसाठी असे तास घेतले. बिल गेट्स आणि पॉल ऍलन हे त्या मुलांपैकी दोघे.

मुंबईतही तोच काळ, तीच गरज, पण कारण वेगळं. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरची बंधनं यांमुळे संगणक इथे दुर्मिळच होता. १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र बसलं आणि बाहेरच्या संस्थाही त्यावर आपली गणितं सोडवून घेऊ लागल्या. १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची पहिली कामंही याच जातीची होती: टिस्कोसाठी पंच कार्डांचं काम, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या नोंदींचा मेळ, युनिट ट्रस्टसाठी ब्युरो सेवा. म्हणजे ग्राहकाने कागद पाठवायचे, यंत्र दुसऱ्याचं, बिल कामाचं. आज जगभर क्लाउडची कामं करणारा आपला संगणक उद्योग अशा भाड्याच्या गणनेतून उभा राहिला, हे फारसं आठवलं जात नाही. ते आठवावं असं मला वाटतं.

मग यंत्र स्वस्त झालं. १९७१ मध्ये इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर आला, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी. टेबलावर स्वतःचा संगणक असताना तासाचं भाडं कोण देणार? १९८४ मध्ये टाइमशेअर ही कंपनी मॅकडॉनेल डग्लस या विमानं बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली आणि तो पहिला अंक जवळजवळ संपला. पुढची पंधरा वर्षं मालकीची होती. कंपनी लहान असो वा मोठी, तिच्या कचेरीत एक थंडगार सर्व्हर रूम, तिची किल्ली आणि ती सांभाळणारा एक माणूस असेच.

त्या खोल्यांत हळूहळू उलटा हिशेब तयार होत होता. यंत्राची किंमत उतरत गेली. ते सांभाळायला लागणारं माणूसबळ, वीज, बॅकअप आणि जागा यांचा खर्च चढत गेला. शिवाय ही यंत्रं बहुतेक वेळ रिकामी असत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, डेटा सेंटरमधले सर्व्हर सरासरी ५ ते २० टक्केच वापरले जात असल्याचे अंदाज नमूद आहेत. यात व्यवस्थापकांचा आळस नव्हता. दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. दुपारी एकच्या ठोक्याला राज्यभरातले लाखो विद्यार्थी आणि पालक एकाच पानावर येतात; वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या पानाकडे क्वचितच कुणी फिरकतं. स्वतःचं यंत्र घ्यायचं तर ते त्या एका तासाच्या गर्दीच्या मापाने घ्यावं लागतं आणि त्याचं ओझं वर्षभर वाहावं लागतं. पूर्वी यंत्र महाग म्हणून वाटून घेतलं जायचं. आता त्याची राखण आणि त्याचा रिकामा वेळ महाग झाला होता.

१९९९ मध्ये कॅलिफोर्नियात दोन कंपन्यांनी हा हिशेब दोन टोकांनी धरला.

पहिली सेल्सफोर्स. ओरॅकलमधून बाहेर पडलेले मार्क बेनिऑफ आणि त्यांचे तीन सहकारी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सदनिकेत कामाला लागले. विक्री विभागाला ग्राहकांच्या नोंदी ठेवायला लागणारं सॉफ्टवेअर त्यांनी ब्राउझरमधून, माणशी मासिक वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. सीडी नाही, सर्व्हर नाही, बसवायला येणारा सल्लागार नाही. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअर एकच. प्रत्येकाचा डेटा त्याच रचनेत, पण वेगळा राखलेला. त्यामुळे सुधारणा एकदा केली की सगळ्यांना मिळे. रक्कम इतकी लहान असे की विक्रीप्रमुख ती आपल्याच अधिकारात मंजूर करू शके, संगणक विभागाकडे अर्ज घेऊन जावं लागत नसे. जून २००४ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली.

दुसरी लाउडक्लाउड. नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे मार्क अँड्रीसन आणि बेन हॉरोविट्झ यांनी थेट सर्व्हर आणि त्यांची राखणच भाड्याने द्यायचं ठरवलं. कल्पना पुढे अमेझॉनने यशस्वी केली तीच, फक्त वेळ फार लवकरची. डॉटकॉमचा फुगा फुटला, गिऱ्हाइकंच बुडाली, आणि २००२ मध्ये हा व्यवसाय ईडीएस कंपनीला ६ कोटी ३५ लाख डॉलरला विकावा लागला. माझ्या मते यात फुटलेल्या फुग्याइतकाच दोष तंत्राचा होता. एक यंत्र अनेकांत सुरक्षितपणे वाटून देण्याची स्वस्त सोय तेव्हा हाताशी नव्हती. एका गिऱ्हाइकाचं रिकामं यंत्र दुसऱ्याच्या उपयोगी पडत नव्हतं.

ती सोय मुळात आयबीएमने १९६०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या आपल्या केंद्रात शोधली होती आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली होती. एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. पण पीसीच्या प्रोसेसरांची घडण या कामाला सोयीची नव्हती. ती अडचण १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने सोडवली, आणि २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन नावाची मुक्त प्रणाली बाहेर पडली. परवान्याचे पैसे न देता कुणीही ती वापरू शकत होतं. अमेझॉनने तीच उचलली.

अमेझॉनकडे नाताळच्या गर्दीसाठी घेतलेली यंत्रं वर्षभर पडून असत म्हणून ती त्यांनी भाड्याने दिली, ही गोष्ट फार सांगितली जाते. कंपनीचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगल्स यांनी ती खोडून काढली आहे, आणि साध्या तर्कालाही ती टिकत नाही. तसं असतं तर नाताळ आला की गिऱ्हाइकांकडून यंत्रं परत मागावी लागली असती. खरं कारण घरातल्या कटकटीत होतं. नवं काम हाती घेणारा प्रत्येक गट साठवण, डेटाबेस, सर्व्हर यांची तीच ती पायाभरणी पुन्हा पुन्हा करण्यात महिने घालवत होता. तेव्हा ही पायाभरणी एकदाच करावी आणि गटांनी ती ठरलेल्या आज्ञांनी मागून घ्यावी, असं धोरण आलं. २००३ च्या सुमारास बेंजामिन ब्लॅक आणि ख्रिस पिंकहॅम यांनी एका टिपणात पुढचा प्रश्न विचारला: जे घरच्यांना देतो ते बाहेरच्यांना का विकू नये? पिंकहॅम यांना मायदेशी, दक्षिण आफ्रिकेत परतायचं होतं. कंपनीने त्यांना सोडण्याऐवजी केपटाउनमध्येच कचेरी थाटून दिली. सिएटलपासून इतक्या दूर, रोजच्या बैठकांच्या गोंगाटाबाहेर, एका लहान गटाने तासाला दहा सेंटांचं ते यंत्र घडवलं. त्याआधी १४ मार्च २००६ रोजी साठवणीची सेवा, एसथ्री, सुरू झाली होती. दर महिन्याला एका जीबीला १५ सेंट.

त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक क्षेत्रातली मातब्बर कंपनीही एका प्रोसेसरच्या तासाला एक डॉलर दराने गणनशक्ती विकत होती. तिथे काम जमा करायचं आणि निकाल घेऊन जायचं. अमेझॉन अख्खं रिकामं यंत्र हातात देत होतं. त्यावर काय चालवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. उद्योजकांना हे मोकळेपण हवं होतं.

या मोकळेपणाचं पहिलं सुंदर उदाहरण एका जुन्या वर्तमानपत्राने दिलं. न्यूयॉर्क टाइम्सला १८५१ पासूनच्या १ कोटी १० लाख लेखांची छायाचित्रं वाचकांना उघडता येतील अशा फाइलींत बदलायची होती. त्यांच्या डेरेक गॉटफ्रिड या तंत्रज्ञाने २००७ मध्ये शंभर यंत्रं भाड्याने घेतली आणि चोवीस तासांच्या आत काम उरकलं. शंभर यंत्रं, चोवीस तास, दहा सेंट: यंत्रांचं बिल झालं २४० डॉलर. एकच यंत्र शंभर दिवस चालवलं असतं तरी बिल तेवढंच आलं असतं. घाई करण्याचा जादा आकार लागत नाही, ही व्यवहारातली अगदी नवी गोष्ट होती. पुढच्या वर्षी ऍनिमोटो या छोट्या कंपनीची चित्रफिती बनवणारी सेवा फेसबुकवर पसरली आणि तीन दिवसांत तिचे सर्व्हर पन्नासांवरून साडेतीन हजारांवर गेले. गर्दी ओसरली तसे ते कमीही झाले. कोणत्या बँकेने तीन दिवसांसाठी साडेतीन हजार सर्व्हरांना कर्ज दिलं असतं?

२००८ हे गर्दीचं वर्ष ठरलं. एप्रिलमध्ये गूगलचं ऍप इंजिन आलं. त्यात यंत्र दिसतच नसे. आपला प्रोग्रॅम द्यायचा, चालवायची जबाबदारी गूगलची. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडची, अझूरची, घोषणा केली. व्यावसायिकाला आजही निवड करायची असते ती याच तीन पायऱ्यांतून. सेल्सफोर्ससारखं तयार सॉफ्टवेअर, ऍप इंजिनसारखा तयार मंच, किंवा अमेझॉनसारखं कोरं यंत्र. खालच्या पायरीवर मोकळीक जास्त आणि राखणही जास्त; वरच्या पायरीवर दोन्ही कमी. २०११ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्लाउडची अधिकृत व्याख्या केली तेव्हा हेच तीन प्रकार तिच्यात नोंदले. आपल्याकडच्या एखाद्या दुकानदाराला किंवा कारखानदाराला बहुतेक वेळा सगळ्यांत वरचीच पायरी, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, पुरते. कोरं यंत्र घेऊन ते सांभाळायला माणूस नेमणं त्याला परवडत नाही, आणि गरजही नसते.

धोके याच काळात दिसू लागले. २१ एप्रिल २०११ रोजी अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नेटवर्कच्या एका बदलात चूक झाली आणि रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर ही संकेतस्थळं एकाच वेळी आडवी झाली. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका आज्ञेत चुकीची नोंद गेल्याने एसथ्री काही तास बंद पडली. अमेझॉनचा स्वतःचा स्थितीफलकसुद्धा तिच्यावरच अवलंबून असल्याने तो बदलता येईना. मोठ्यातल्या मोठ्या कंपनीची सेवाही बंद पडते, म्हणून दोन केंद्रांत काम वाटून ठेवणं हे गिऱ्हाइकाचंच काम असतं.

कोड स्पेसेस या कंपनीची कहाणी त्याहून वाईट आहे. ती इतरांचे प्रोग्रॅम जपून ठेवायची. जून २०१४ मध्ये कुणीतरी तिच्या क्लाउड खात्याचा ताबा मिळवून खंडणी मागितली. कंपनीने खातं परत मिळवायचा प्रयत्न करताच त्याने डेटा आणि बॅकअप पुसून टाकले, कारण बॅकअपही त्याच खात्यात होते. कंपनी बंद झाली. इथे यंत्रं बिघडली नव्हती, भाड्याची जागा शाबूत होती. किल्ली हरवली होती. आणि १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांनी दुसऱ्या गावात प्रत ठेवली नव्हती त्यांच्या नोंदी राख झाल्या. करारावर सही करण्यापूर्वी बॅकअप कुठे आहे, खात्याची किल्ली किती जणांकडे आहे आणि सोडून जाताना डेटा कोणत्या रूपात मिळेल, एवढं तरी विचारलंच पाहिजे. विक्रेता ते आपण होऊन क्वचितच सांगतो.

भारतातल्या कंपन्यांच्या मनात आणखी एक शंका होती, अंतराची. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारताचं पश्चिमेकडचं इंटरनेट रडतखडत चालू लागलं. अमेझॉनचं त्यातल्या त्यात जवळचं केंद्र २०१० मध्ये सिंगापूरला झालं. मुंबईपासून सुमारे चार हजार किलोमीटर. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, चेन्नई आणि मुंबई इथे केंद्रं उघडली, जून २०१६ मध्ये अमेझॉनने मुंबईत, २०१७ मध्ये गूगलने मुंबईतच. मुंबई निवडण्याची कारणं जुन्याच भूगोलात होती: किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबल, भरवशाची वीज आणि बँकांची मुख्यालयं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते, तिथे महापे, ऐरोली, रबाळे भागांत डेटा सेंटर उभी राहिली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं. त्यानंतर ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने देयक व्यवहारांचा डेटा देशातच ठेवण्याचा आदेश दिला आणि कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. यंत्र कोणत्या इमारतीत आहे याची फिकीर नको, हे २००६ चं आश्वासन होतं. ते कोणत्या देशात आहे, हे आता कायद्याने सांगावं लागू लागलं.

आणि त्या काळात खुद्द अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या एकाच वाटेवरून समोरासमोर चालत होत्या. ऑगस्ट २००८ मध्ये तेव्हा टपालाने चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडून तीन दिवस एकही डीव्हीडी पाठवता आली नव्हती. तेव्हा सुरू झालेलं त्यांचं स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झालं आणि प्रेक्षकसेवेची सगळी गणना अमेझॉनच्या यंत्रांवर गेली. ड्रॉपबॉक्स नेमक्या त्याच सुमारास अमेझॉनमधून बाहेर पडून स्वतःची यंत्रं उभी करत होती, आणि त्यातून दोन वर्षांत तिचे साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचले. नेटफ्लिक्सची गर्दी संध्याकाळी फुगते आणि पहाटे ओसरते, म्हणून तिला तासाचं भाडं मानवलं. ड्रॉपबॉक्सकडे लोकांच्या फाइली रात्रंदिवस पडून असतात, मोजता येईल इतक्या संथ गतीने वाढतात. तिला मालकी स्वस्त पडली. नेटफ्लिक्सनेही प्रत्यक्ष चित्रपट घराघरांत पोचवणारी यंत्रं भाड्याने घेतली नाहीत. तिथला भार अवाढव्य आणि रोजचा, त्यामुळे ती यंत्रं कंपनीने स्वतः बनवून घेतली आणि गावोगावच्या इंटरनेट सेवा कंपन्यांच्या इमारतींत नेऊन बसवली.